एक ते तीन वर्षांच्या बाळाशी घरी काय खेळावे?

सर्दी-तापासाठी बाळाला दाखवायला आलेले पालक औषधे समजून घेतात आणि उठता उठता विचारतात, "डॉक्टर, याच्या मेंदूच्या वाढीसाठी कोणती खेळणी आणू?" बाजारात "ब्रेन डेव्हलपमेंट" असे लिहिलेले महागडे संच मिळतात, मोबाईलवर "शैक्षणिक" व्हिडिओ मिळतात. त्यामुळे आपण बाळासाठी काही कमी तर करत नाही ना, अशी धास्ती अनेकांना वाटते. या वयात शिकण्यासाठी बाळाला लागणारे बहुतेक साहित्य तुमच्या स्वयंपाकघरात असतेच. खेळणे कोणते आहे यापेक्षा समोर बसून उत्तर देणारा माणूस आहे का, हे जास्त महत्त्वाचे आहे. रोजच्या खेळाचा दुसरा फायदा असा की ऐकण्यात, बोलण्यात किंवा हालचालीत काही अडचण असेल तर ती लवकर लक्षात येते.

थोडक्यात महत्त्वाचे

- रोज १५–२० मिनिटे, मोबाईल बाजूला ठेवून, बाळासोबत जमिनीवर बसून खेळा.
- बाळ ज्या वस्तूकडे पाहत आहे, तिच्याबद्दल बोला. मग थांबा आणि बाळाला उत्तर द्यायला वेळ द्या.
- दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्ही नको.
- तोंडात मावेल अशी वस्तू खेळायला देऊ नका.
- बाळ शिकलेली गोष्ट विसरू लागले, तर वाट पाहू नका.

खेळ इतका महत्त्वाचा का?

तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ८० टक्के झालेला असतो. या काळात मेंदूतील पेशींमध्ये भराभर जोडण्या तयार होतात. ज्या जोडण्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात त्या पक्क्या होतात. म्हणूनच बाळ एकच डबा वीस वेळा उघडते आणि वीस वेळा बंद करते. आपल्याला कंटाळा येतो, पण त्याचा तो सरावच असतो.

जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६–८७ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात गरीब वस्तीतली, वाढ खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ बाळे होती. त्यांच्यापैकी काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे, आठवड्यातून एक तास जात. घरगुती वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळायचे आणि कसे बोलायचे, हे त्या आईला दाखवत. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा, ज्यांच्या घरी हा कार्यक्रम झाला नव्हता त्यांच्यापेक्षा या मुलांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. यात महागडे खेळणे एकही नव्हते.

खेळताना मोठ्यांनी काय करायचे?

बाळाशी खेळणे हे चेंडू टोलवण्यासारखे असते. बाळ काहीतरी करते, आपण त्याला उत्तर देतो आणि पुन्हा त्याची पाळी येते.

समजा, बाळाने वाटी जमिनीवर आपटली. "आवाज नको" म्हणण्याऐवजी तुम्हीही एक वाटी आपटा. "ठण्ण! वाटी वाजली!" एवढेच म्हणा आणि थांबा. मनात पाच अंक मोजा. बाळ तुमच्याकडे पाहील, हसेल, पुन्हा आपटेल किंवा "ठ" म्हणेल. त्यावर परत उत्तर द्या. या एका मिनिटात त्याने ऐकणे, नक्कल, शब्द आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे अशा चार गोष्टींचा सराव केला.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे सतत परीक्षा घेणे : "हे काय? रंग कोणता? काकांना म्हणून दाखव." त्यापेक्षा आपणच नाव सांगावे : "लाल झाकण. मोठे झाकण." दुसरी म्हणजे बाळ झाकणाशी रमलेले असताना त्याला ओढून पुस्तकाकडे नेणे. बाळाचे लक्ष जिथे आहे, तिथेच शब्द लवकर रुजतो.

वयानुसार सोपे खेळ

*१२ ते १८ महिने*

- बुवा-कुक : ओढणीआड तोंड लपवा आणि "कुक!" करून दाखवा. नंतर चमचा वाटीखाली लपवून बाळाला शोधू द्या. न दिसणारी वस्तूही तिथेच असते, हे बाळाला यातून कळते.
- भरा-ओता : रिकामा डबा आणि चार-पाच मोठी झाकणे किंवा कापडी चेंडू. बाळ आत टाकेल, ओतेल, परत भरेल. "आत", "बाहेर", "संपले" हे शब्द प्रत्येक वेळी म्हणा.
- खिडकीतली चिऊ-काऊ : बाळाला कडेवर घेऊन खिडकीत उभे राहा आणि बोट दाखवून कावळा, कुत्रा, रिक्षा यांची नावे सांगा. बाळ स्वतः बोट दाखवू लागले की लगेच दाद द्या. बोट दाखवणे ही बोलण्याआधीची मोठी पायरी आहे.
- उशांचा डोंगर : जमिनीवर उशा आणि गाद्या मांडून त्यावर चढू-उतरू द्या.

*१८ ते २४ महिने*

- कणकेचा गोळा : पोळ्या करताना लिंबाएवढी कणीक द्या. दाबणे, लांबवणे, तुकडे करणे यातून बोटांची ताकद वाढते. कच्ची कणीक खाऊ देऊ नका आणि बाळाला गॅसपासून लांब बसवा.
- परातीतले पाणी : परातीत दोन बोटे पाणी, एक पेला आणि एक गाळणी. ओतणे आणि सांडणे यात बाळ बराच वेळ रमते. तुम्ही मात्र शेजारून हलू नका.
- जोड्या लावा : घरातले मोजे किंवा चपला एकत्र करून "याचा जोडीदार कुठे?" असे विचारा. डब्यांना त्यांची झाकणे शोधायला लावा.
- छोटी कामे : "बाबांचा रुमाल आण", "चमचा आजीला दे." यातून सूचना समजते आणि काम केल्याचा आनंदही मिळतो.

*२ ते ३ वर्षे*

- भातुकली : खोटा चहा करणे, बाहुलीला जेवू घालणे, डॉक्टर-डॉक्टर खेळणे. अशा "जणू काही" खेळात भाषा, कल्पना आणि दुसऱ्याच्या मनाचा विचार एकत्र वाढतात. इंजेक्शनची भीतीही बाहुलीला टोचून थोडी कमी होते.
- भाजी निवडणे : मेथी-कोथिंबिरीची पाने खुडायला द्या. चिमटीची पकड पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते.
- वर्गवारी : बटाटे एका टोपलीत, कांदे दुसऱ्या टोपलीत. मोठे इकडे, लहान तिकडे.
- थांबा-पळा : गाणे सुरू असताना नाचायचे, बंद झाले की पुतळा व्हायचे. स्वतःला आवरण्याचा हा उत्तम सराव आहे.
- गोष्ट : रोज झोपताना एकच गोष्ट मागितली तरी सांगा. मध्येच थांबा आणि पुढचा शब्द बाळाला म्हणू द्या.

पळणे, चढणे आणि चेंडू मारणे हेही शिकणेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोपावे. फ्लॅट लहान असेल तर जिना, गच्ची आणि सोसायटीचे अंगण वापरा, अर्थात तुमच्या देखरेखीखाली.

मोबाईलवरचे शैक्षणिक व्हिडिओ चालतील का?

व्हिडिओतली ताई "सांगा पाहू, हा कोण?" असे विचारते, पण बाळाने काय उत्तर दिले हे तिला ऐकू येत नाही. बाळ चुकले, हसले किंवा दुसरीकडे पाहू लागले तरी ती पुढे जाते. बाळाकडून आलेला चेंडू तिथे परत येतच नाही. इंग्रजी अक्षरे पाठ म्हणणारे पण "पाणी दे" असे न म्हणणारे मूल आम्हाला दवाखान्यात दिसते, त्यामागे हे एक कारण असू शकते.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनेनुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन देऊ नये. दूर राहणाऱ्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो, कारण समोरचा माणूस उत्तर देतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जेवताना मोबाईल नको.

दोघेही नोकरी करत असतील तर?

खेळासाठी वेगळा तास काढता आला नाही तरी अंघोळ, कपडे घालणे, जेवण आणि झोप या वेळा रोज हातात असतातच. अंघोळीच्या वेळी "आधी हात, आता पाय", कपड्यांच्या घड्या घालताना "हा बाबांचा शर्ट". दिवसभर बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात असेल, तर वरचे दोन-तीन खेळ त्यांनाही सांगा. खेळ फक्त आईनेच घ्यायचा असे नाही. बाबांचा, आजोबांचा आणि मोठ्या ताईचा खेळ वेगळा असतो, आणि बाळाला तो सगळाच हवा असतो.

खेळताना ही काळजी घ्या

तीन वर्षांखालील मुले वस्तू तोंडात घालूनच ओळखतात. म्हणून :

- शेंगदाणे, फुटाणे, चणे, मणी, गोट्या, बटणे आणि न फुगवलेले किंवा फुटलेले फुगे हाती लागू देऊ नका. शेंगदाण्याचा दाणा श्वासनलिकेत अडकणे हा या वयातला नेहमीचा अपघात आहे.
- रिमोट आणि आवाज करणाऱ्या खेळण्यांमधले बटणासारखे चपटे सेल फार धोकादायक असतात. ते गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी उलटी न करवता लगेच मोठ्या रुग्णालयात जा.
- पाण्याची बादली भरून ठेवू नका. थोड्या पाण्यातही बाळ बुडू शकते.
- घशात काही अडकले आणि बाळ जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज किंवा श्वास बंद झाला तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या. तरीही वस्तू निघाली नाही, तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा आणि सोबतच्या माणसाला १०८ ला फोन करायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. मूल बेशुद्ध झाले तर त्याला जमिनीवर झोपवून सीपीआर सुरू करावा लागतो. १०८ वरील माणूस सांगेल तसे करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

रोज खेळणाऱ्या पालकांना बाळातली वेगळी गोष्ट आमच्याआधी दिसते. पुढीलपैकी काही आढळल्यास तपासणी करून घ्या :

- एक वर्षानंतरही नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही.
- १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
- १८ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय चालत नाही, किंवा तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करत नाही.
- १८ महिन्यांच्या आधीच फक्त एकच हात वापरते, दुसरा हात मुठीत किंवा अंगाशी असतो.
- दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" अशी स्वतःची दोन शब्दांची वाक्ये नाहीत.
- नजरेला नजर देत नाही, गाडी न चालवता तासन्‌तास फक्त चाकच फिरवत बसते.
- येत असलेले शब्द किंवा कौशल्य कोणत्याही वयात नाहीसे झाले.

मूल वेळेआधी जन्मलेले असेल, तर दोन वर्षांपर्यंत जितके आठवडे लवकर जन्मले तितके वयातून वजा करून पाहावे.

"याचे वडीलही चार वर्षांचे झाल्यावर बोलले" हे वाक्य घराघरांत ऐकू येते. काही मुले खरोखर उशिरा बोलतात. पण कानाची तपासणी न करता हे गृहीत धरू नका. दार आपटल्यावर दचकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचले तरी ऐकणे कमी होते. ही तपासणी कोणत्याही वयात करता येते.

मूल खेळतच नसेल, लवकर दमत असेल, चिडचिडे असेल किंवा माती खात असेल, तर रक्ताची तपासणीही करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असलेल्या मुलाचे लक्ष आणि उत्साह दोन्ही कमी पडतात. लोहाचे औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांची मोफत तपासणी करते आणि गरज असल्यास पुढील उपचारांसाठी पाठवते. ही तपासणी चुकवू नका.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*घरात मराठी, शेजारी हिंदी, शाळा इंग्रजी. मूल गोंधळेल का?*
नाही. दोन-तीन भाषा ऐकल्याने बोलण्यात दोष निर्माण होत नाही. ज्या भाषेत तुम्ही मनापासून बोलता, तिच्यातच बाळाशी बोला.

*बाळ एका खेळावर दोन मिनिटेही टिकत नाही. ते चंचल आहे का?*
दीड वर्षाच्या मुलाचे लक्ष एवढेच टिकते. समोर दहा खेळणी असतील तर आणखी कमी टिकते. दोन बाहेर ठेवा, बाकीची आठवड्याने बदला.

*अडीच वर्षांचे झाले, अक्षरे आणि अंक शिकवू का?*
घाई नको. या वयात हात, कान, जीभ आणि कल्पना तयार होत असतात. त्यांची तयारी झाली की अक्षरे पुढे सोपी जातात.

आज संध्याकाळी यातला एकच खेळ निवडा आणि तो आठवडाभर रोज खेळा. बाळ काय करते, काय करत नाही, कोणता नवा शब्द बोलले हे लसीकरणाच्या कार्डासोबत एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या लसीच्या वेळी तो कागद डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यातल्या पाच मिनिटांत आम्हाला जे दिसत नाही, ते त्यातून कळते.