फूटभर अंतर, मिलिसेकंदभर काळ

स्नेअर ड्रमला एक माइक वरून लावा आणि एक खालून. दोन्हींचा आवाज वेगवेगळा ऐका. वरच्यात काठीचा कडक घाव, खालच्यात तारांची सळसळ, आणि दोन्ही आपापल्या जागी खणखणीत. आता दोन्ही एकदम सुरू करा. ड्रम दुप्पट मोठा व्हायला हवा, पण तो आक्रसतो. त्याचं पोटच नाहीसं होतं आणि मागे पत्र्यासारखा खडखडाट उरतो. मिक्सरवर किंवा संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर तिरपी रेघ मारलेलं एक बटण असतं. खालच्या माइकसाठी ते दाबा. गेलेलं पोट त्याच क्षणी परत येतं.

हे कसं घडतं? काठी पडली की वरचं पान खाली जातं, म्हणजे वरच्या माइकपासून दूर. आतली कोंडलेली हवा खालच्या पानाला बाहेर ढकलते, म्हणजे खालच्या माइकच्या दिशेने. घाव एकच, पण एका माइकपाशी हवा विरळ होते तेव्हा दुसऱ्यापाशी ती दाबली जाते. एका लहरीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा. बेरीज केली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. ते बटण एक लहर उलटी करतं, बस्स.

घरी ड्रम रेकॉर्ड करू पाहणारे बहुतेक जण आधी माइकच्या किमती बघतात. माझं मत स्पष्ट आहे: या कामातलं सगळ्यात मोलाचं हत्यार मोजपट्टी आहे. नेहमीच्या तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर, फुटापेक्षा जरासं जास्त. माइक फूटभर मागे सरकवला की आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतक्या कमी वेळाने काय फरक पडणार? फार पडतो. स्नेअरच्या आवाजातला भरीव भाग बऱ्याचदा 200 हर्ट्‌झच्या आसपास असतो. त्या लहरीची लांबी सुमारे 171 सेंटिमीटर. दोन माइकपैकी एक दुसऱ्यापेक्षा 86 सेंटिमीटर दूर असेल आणि दोघांचा जोर सारखा असेल, तर नेमकी तीच लहर मिटते. माइक उत्तम, वादक उत्तम, आणि तरीही ड्रम पोकळ.

तबल्याकडे इथे जरा वळायलाच हवं. साध्या ताणलेल्या गोल पानाचे उपस्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 पट अशा अडनिड्या प्रमाणात येतात, म्हणून ड्रमसेटमधल्या ड्रमला ठाम स्वर नसतो. तबल्याच्या पुडीवरची शाई हे उपस्वर जवळजवळ पूर्ण पटींत आणून बसवते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. म्हणून तबल्यावर दोन माइक लावताना अंतर चुकलं, तर नुसता दणका कमी होत नाही. सुरेल पटींपैकी एखादी गळते आणि स्वराचा रंग बदलतो.

अंतराचा हा हिशेब ग्लिन जॉन्स या इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत फार सुंदर बसला आहे. एक माइक ड्रमसेटच्या वर, दुसरा वादकाच्या उजव्या बाजूला फ्लोअर टॉमच्या पलीकडून स्नेअरकडे बघणारा. जोडीला किकजवळ एक आणि हवा तर स्नेअरजवळ एक. अट एकच: पहिल्या दोन माइकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर तंतोतंत सारखं हवं. एक सुतळी घ्यायची, तिचं टोक स्नेअरवर धरायचं, पहिल्या माइकपर्यंत ताणून चिमटीत पकडायची आणि तीच लांबी दुसऱ्या माइकला लावून बघायची. स्नेअरचा घाव दोन्हींकडे एकाच वेळी पोचतो आणि ऐकताना बरोबर मधोमध उभा राहतो.

घरच्या खोलीत आणखी एक अदृश्य वादक असतो, तो म्हणजे छत. साडेनऊ फूट, म्हणजे 2.9 मीटर उंचीच्या खोलीत जमीन आणि छत यांच्यामध्ये 59 हर्ट्‌झची लहर येरझाऱ्या घालत थबकून उभी राहते. किक ड्रमचा खालचा दणका बहुधा याच आसपास असतो! अशा लहरीचा दाब जमिनीलगत आणि छतालगत सर्वांत जास्त, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा. त्यामुळे एकाच घरात, एकाच घावाला, माइक वर-खाली केला की किक कधी छातीत बसते, कधी हरवते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून यावर काही उपाय होत नाही. 60 हर्ट्‌झच्या लहरीचा चौथा हिस्साच जवळजवळ दीड मीटर भरतो, तिला पुठ्ठ्याचा पातळ थर काय अडवणार? ट्रे थोडीफार झांजांची तीक्ष्णता मऊ करतात, इतकंच.

पण खोली शत्रूच असते असं नाही. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला हेडली ग्रेंज नावाची इमारत आहे, 1795 साली गरिबांच्या आश्रयगृहासाठी बांधलेली. लेड झेपेलिन या रॉक बँडने तिथे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणं रेकॉर्ड केलं. ते 1971 साली त्यांच्या चौथ्या अल्बममध्ये आलं. बँडचा ड्रमवादक जॉन बोनम याचा ड्रमसेट खालच्या दालनात ठेवला आणि इंजिनिअर अँडी जॉन्स, ग्लिन जॉन्सचा धाकटा भाऊ, याने दोन माइक वर जिन्यावर लावले. ड्रमजवळ एकही माइक नाही. आवाज जिन्याच्या पोकळीतून चढत, भिंतींवर आदळत वर गेला. मग तो कंप्रेसरने दाबला, म्हणजे घाव थोडा खाली आणि मागची गुंज वर आली. ते ड्रम ऐकताना वादकाइतकीच ती इमारत ऐकू येते.

त्याच्या उलट टोकाची गोष्ट लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतली. पीटर गॅब्रिएलच्या 1980 च्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता, इंजिनिअर ह्यू पॅडगम. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेल्या, जबर कंप्रेसर जोडलेल्या माइकमधून ड्रमचा प्रचंड घुमारा आला. पॅडगमने त्यावर ‘गेट’ लावलं: आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार बंद. घुमारा वाढतो आणि मध्येच कापला जातो. निसर्गात असं कधी होत नाही, कारण मोठ्या दालनातला प्रतिध्वनी हळूहळूच विरतो. कान आधी अजस्र जागा ऐकतो आणि लगेच ती जागा गायब होते. कॉलिन्सच्याच 1981 च्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्यात उशिरा कोसळणारे ते ड्रम अजूनही अंगावर काटा आणतात.

मला सर्वांत थक्क करते ती गोष्ट मात्र संगणकाच्या पडद्यावर दिसते. 48 किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले जातात. दोन नमुन्यांमधल्या वेळात ध्वनी हवेत फक्त सात मिलिमीटर जातो. मिक्सिंग करताना किकचा ट्रॅक एका नमुन्याने पुढे सरकवला, तर वेळेच्या हिशेबात तो माइक नखभर जवळ आणल्यासारखं होतं. खोलीतल्या माइकचा ट्रॅक वीस मिलिसेकंद मागे ढकलला, तर तो सात मीटर दूर गेल्यासारखा उशिरा येतो, मग खोली स्वतः तीन मीटरची का असेना. आणि काही मिलिसेकंदांच्या फरकाने आलेले दोन आवाज मेंदू एकच मानतो, म्हणून आपल्याला दोन ड्रम ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो, पण मोठा.

तेव्हा पुढचा माइक विकत घेण्याआधी एक दुपार काढा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दोनच माइक, सुतळी, मोजपट्टी आणि स्नेअरवर सारखे घाव घालत राहणारा एक मित्र एवढं पुरेल. दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये ऐका, एक माइक वीतभर सरकवा, पुन्हा ऐका, पुन्हा सरकवा. आवाजाला पोट आलं की हात थांबवा आणि ते अंतर सेंटिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवा.