दाट म्हणजे जड नव्हे

"दूध बघा कसं दाट आहे, घनता जास्तच असणार!" हे वाक्य दूध घेताना ऐकू येते, शाळेच्या प्रयोगशाळेत ऐकू येते, आणि कधीकधी विज्ञान शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही निसटते. दोष थोडा शब्दाचाही आहे. घनता म्हटले की डोळ्यांपुढे घट्ट, चिकट, चमच्यावरून सावकाश ओघळणारे काहीतरी येते. पण रसायनशास्त्रातल्या घनतेला ओघळण्याशी काही देणेघेणे नाही. एक मिलिलिटर द्रवाचे वस्तुमान किती ग्रॅम, एवढाच तिचा प्रश्न. द्रव किती सुस्तपणे वाहतो ते सांगणारा गुणधर्म वेगळा, त्याचे नाव श्यानता.

एरंडेल तेल घ्या. खोलीच्या तापमानाला ते पाण्याच्या सुमारे हजारपट श्यान असते. बाटली उपडी केली तरी बाहेर यायला खळखळ करते. त्याची घनता? मिलिलिटरला साधारण ०.९६ ग्रॅम. म्हणजे ते पाण्यावर तरंगते. उलट पारा पाण्यासारखाच सळसळत पळतो आणि त्याची घनता १३.६. घोळ घातला तो मधाने. मध चिकटही आहे आणि १.४ च्या घनतेमुळे जडही. एका मधावरून माणसे सगळ्या द्रवांचा निवाडा करून मोकळी होतात.

पुरावा तर रोज स्वयंपाकघरात दिसतो. दुधातला सर्वांत दाट भाग कोणता? साय. ती पातेल्यात कुठे असते? वर! जे वर येते ते खालच्यापेक्षा जड कसे असेल, हा प्रश्न कुणाला पडत नाही याचे नवल वाटते.

दुधातल्या स्निग्धांशाची घनता ०.९३ च्या आसपास, तर गाईच्या अखंड दुधाची १.०२८ ते १.०३२. त्यामुळे मलई काढली की दूध पातळ दिसते, पण त्याची घनता वाढून १.०३५ च्या पुढे जाते. लॅक्टोमीटर नेमकी घनताच मोजतो. १.०३० घनतेला तो ३० डिग्री दाखवतो. मग लबाडी करणाऱ्याने मलई काढायची, बेताने पाणी घालायचे, की डिग्री पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून तर संकलन केंद्रावर नुसत्या डिग्रीवर भागत नाही, फॅटही तपासावी लागते. डोळ्यांना जे दाट दिसते त्याच्या भरवशावर यातले काहीच कळले नसते.

मग द्रवाची घनता काढायची कशी? तराजूने. प्रयोगशाळेत यासाठी बारीक छिद्राच्या बुचाची छोटी काचेची बाटली असते. समजा, बुचासह कोरडी बाटली २२.४० ग्रॅम भरली. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने भरल्यावर ७२.२६ ग्रॅम. म्हणजे आतले पाणी ४९.८६ ग्रॅम. या तापमानाला पाण्याची घनता ०.९९७, तेव्हा बाटलीचे खरे आकारमान ५०.०१ मिलिलिटर. आता ती रिकामी करून, वाळवून, त्याच तापमानाच्या एरंडेलाने भरली तर ७०.२१ ग्रॅम. बाटली वजा केली की तेल ४७.८१ ग्रॅम, त्याला ५०.०१ ने भागले की ०.९५६.

इतके सरळ असूनही हमखास चुकते ते वजाबाकीत. बाटलीचे वजन वजा करायचे विसरले तर हेच उत्तर १.४० येते. मग तेच एरंडेल कागदावर पाण्यात बुडायला लागते, आणि उत्तर लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण 'तेल दाटच असतं ना!' दुसरी खोड म्हणजे बाटली मुठीत धरून पुसणे. हाताच्या उबेने द्रव प्रसरण पावतो, बुचाच्या छिद्रातून थेंबभर बाहेर येतो आणि पुसला जातो. आत बुडबुडा अडकला तरी उत्तर कमीच येणार.

बाकीचे समज थोडक्यात. द्रव जास्त घेतला की घनता वाढते: नाही, वस्तुमान वाढते तसे आकारमानही वाढते. सापेक्ष घनतेला एकक लिहायचे राहिले: राहिले नाही, ते नसतेच, एका घनतेला दुसरीने भागलेले असते. साध्या घनतेला मात्र एकक हवेच. ते चुकले तर किती महाग पडते, हे २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये दिसले. लिटरचे किलोग्रॅम करायला साधारण ०.८ ने गुणायचे होते, तिथे १.७७ वापरले गेले. तो आकडा लिटरमागे पाउंडांचा होता. निम्म्याहून कमी इंधनावर उडालेल्या विमानाची दोन्ही इंजिने आकाशात बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले.

आणि 'एक लिटर म्हणजे एक किलो'? हे फक्त पाण्यापुरते, तेही जवळपास. किराणा दुकानातल्या एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, ती फसवणूक नव्हे. फसवणुकीची वाट तापमानातून जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये याचे उदाहरण दिले होते: एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर ६० अंशांपर्यंतचे तापमान छापत होते. लिटर तोच, तेल साडेसव्वीस ग्रॅम कमी. विभागाने तापमान न छापता आकारमान लिहायला आणि सोबतचे वजन बरोबर असल्याची खात्री करायला सांगितले, त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली.