जुना प्रिंटर भंगारात देण्याआधी

घरात वायफाय आले, मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप मिळाला, आणि कपाटाशेजारच्या स्टुलावर बसलेला जुना प्रिंटर एकदम परका झाला. त्याला वायर लागते. लॅपटॉप स्वयंपाकघरात, प्रिंटर बाहेरच्या खोलीत. दुकानात विचारावे तर उत्तर ठरलेले, "हा वायरलेस नाही, नवीन घ्या." नवीन घ्यायचा म्हणजे हप्ता आला. मग शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, बहिणीचे हॉलतिकीट, सगळ्यासाठी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. शेवटच्या तारखेच्या रात्री ते दुकानही बंद असते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेलच.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रिंटरच्या मागे चौकोनी तोंडाची यूएसबी वायर लागत असेल आणि तो छापत असेल, तर तो घराच्या वायफायवर आणता येतो. मात्र कोणता प्रिंटर कोणत्या मार्गाने येईल हे आधी समजून घ्यावे, नाहीतर नको ती वस्तू विकत घेतली जाते.

आपल्याकडे घरोघरी आणि छोट्या दुकानांत दिसणारे दोन प्रिंटर म्हणजे एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. दोन्ही दणकट, दोघांचा टोनर गल्लीत भरून मिळतो. पण दोघांत एक गोम आहे. हे स्वस्तात बनवताना त्यांच्या डोक्यातले काम कॉम्प्युटरवर टाकलेले आहे. पान कसे उमटवायचे याचा हिशेब कॉम्प्युटर करतो, प्रिंटर फक्त हुकूम पाळतो. लेझरजेट १०२० तर इतका विसराळू की बटण बंद केले की स्वतःचा प्रोग्रामही विसरतो. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर कॉम्प्युटरने तो त्याला नव्याने शिकवावा लागतो. कॅननच्या यंत्राला कॉम्प्युटरशी सतत दुतर्फा बोलणे लागते. म्हणून बाजारात 'प्रिंट सर्व्हर' नावाची जी छोटी डबी मिळते, ती या प्रिंटरना बऱ्याचदा चालत नाही. डबी फक्त एका बाजूने निरोप पोचवते, आणि प्रिंटर दिवा लावून गप्प बसतो. घेण्याआधी आपल्या मॉडेलचा नंबर डबीच्या यादीत आहे का ते पाहावे, आणि परत घेण्याची बोली दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावी.

राउटरच्या मागे यूएसबीचे भोक असेल तर पुष्कळांना वाटते की वायर खुपसली की झाले. तसे नसते. काही राउटर तिथे फक्त पेनड्राइव्ह ओळखतात. राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) जाऊन 'प्रिंट सर्व्हर' असे काही लिहिले आहे का ते बघा. नसेल तर तो नाद सोडा.

आता बिनखर्चाचा मार्ग. घरात एक जुना विंडोजचा कॉम्प्युटर असेल, तर प्रिंटर त्यालाच जोडलेला राहू द्या आणि त्या कॉम्प्युटरला वायफायवर ठेवा. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स ॲण्ड स्कॅनर्स उघडा, आपला प्रिंटर निवडा, प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' नावाचे पान येते, तिथे 'शेअर धिस प्रिंटर'समोर खूण करा. नाव छोटे द्या, मध्ये मोकळी जागा नको. मग वायफायचे नेटवर्क दोन्ही यंत्रांवर 'प्रायव्हेट' करा. पुष्कळांचे घोडे इथेच अडते, कारण 'पब्लिक' असले की विंडोज बाहेरच्याला दार उघडत नाही. 'फाईल ॲण्ड प्रिंटर शेअरिंग'ही चालू हवे.

लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे पहिल्या कॉम्प्युटरचे नाव टाइप करा. प्रिंटर दिसेल, त्यावर दोनदा क्लिक करा. पासवर्ड मागितला तर तो पहिल्या कॉम्प्युटरच्या खात्याचा द्यायचा. चार आकडी पिन चालत नाही. आणि खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, तेव्हा आधी पासवर्ड लावा. सप्टेंबर २०२१ पासून, विंडोजमध्ये सुरक्षेचे बदल झाल्यावर, शेवटी ११बी असलेली एक चूक दाखवून जोडणी तुटण्याचा त्रास अनेकांना झाला. तसे दिसले तर दोन्ही यंत्रे पूर्ण अपडेट करून मग प्रयत्न करावा.

या पद्धतीत पहिला कॉम्प्युटर जागा असला पाहिजे. तो झोपला की प्रिंटरही झोपला. म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप'समोर 'नेव्हर' करा, आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करा, वीजबिल आपल्यालाच भरायचे आहे.

मोबाइलवरून छापायचे असेल तर ही वाट थेट उपयोगी नाही. पूर्वी गुगलची क्लाउड प्रिंट नावाची सोय होती, ती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. जुन्या व्हिडिओंत अजून तीच सांगतात, त्यात वेळ घालवू नका. सोपे म्हणजे पीडीएफ कॉम्प्युटरवर पाठवून तिथून छापणे. घरात लिनक्सची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर 'कप्स' हा फुकट प्रोग्राम टाकून लेझरजेट १०२० मोबाइललाही दिसेल असा करता येतो, तो विसराळू प्रोग्रामही पायच शिकवतो. कॅननच्या २९०० ला मात्र कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर पायच्या प्रोसेसरसाठी बनलेला नाही, तिथे डोकेफोड जास्त. त्याच्यासाठी जुना विंडोज कॉम्प्युटरच बरा.

काही वेळा एवढे सगळे करायची गरजही नसते. यूएसबीची वायर पाच मीटरपर्यंत धड चालते. आपल्या दोन खोल्यांच्या घरात पाच मीटरमध्ये दाराच्या चौकटीवरून वायर नेऊन निम्म्या घरांचा प्रश्न सुटेल!

शेजाऱ्याला वायफायचा पासवर्ड दिलेला असेल, तर वर सांगितलेल्या पायच्या जोडणीत तुमचा प्रिंटर त्याच्याही मोबाइलला दिसू शकतो. कागद आणि टोनर कोणाचा, हे आधीच ठरवून घ्यावे. आणि लेझर प्रिंटर यूपीएसच्या किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावू नका. तापताना तो एकदम जास्त करंट ओढतो, त्याची वायर सरळ भिंतीतल्या पॉइंटलाच द्यावी.