हाडांसाठी पैसे मोजताना

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा अहवाल हातात आला की त्यातला एकच आकडा डोळ्यांत भरतो: टी-स्कोअर उणे २.७. शेजारच्या आलेखावर तांबड्या पट्ट्यात एक ठिपका. डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून देतात. त्या गोळीने जबड्याचं हाड सडतं असं ऐकल्याचं शेजारीण सांगते. फोनवर तर हाडं ‘नैसर्गिकरीत्या’ पुन्हा भक्कम करून देणाऱ्यांच्या जाहिरातींची रीघच लागते. सहा महिन्यांचं ऑनलाइन कोचिंग, उभं राहून थरथरून घ्यायचं यंत्र, हाडांसाठीचा खास योगवर्ग, सोबत पूरक गोळ्यांचा संच. म्हैसूरला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने असंच एक माहितीपत्रक मला पाठवलं आणि विचारलं, “ताई, भरू का गं हे पैसे? गोळी घ्यायची मला भीती वाटते.”

तिच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर सापडत नाही. कोचिंगला पैसे द्यावेत का, हा एक. गोळीऐवजी ते चालेल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण चूक झाली तर ती तिथेच महाग पडते.

ॲलेन्ड्रोनेट ही जुनी, आता स्वस्त झालेली गोळी. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, आधीच मणका दबलेल्या बायकांमध्ये या गोळीमुळे मणक्याची आणि खुब्याची नवी फ्रॅक्चर जवळजवळ निम्म्यावर आली. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या २००७ च्या चाचणीत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी घटली. जबड्याचा त्रास खरा आहे, पण ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं विरळ होण्याच्या आजारासाठी, दिल्या जाणाऱ्या मात्रेत तो वर्षाला दहा हजारांत एखादीला, किंवा त्याहूनही विरळा होतो. मांडीच्या हाडाचं विचित्र फ्रॅक्चर हा दुसरा दुर्मीळ धोका. तो वर्षांगणिक वाढतो, म्हणूनच गोळीची पाच वर्षं किंवा इंजेक्शनची तीन वर्षं झाली की औषध थांबवता येईल का याचा डॉक्टर फेरविचार करतात. डेनोसुमॅब या सहामाही इंजेक्शनची गोष्ट मात्र उलटी आहे. ते मनाने बंद केलं तर एकामागून एक मणके दबू शकतात.

साध्या पडण्याने खुबा मोडला असेल किंवा मणका दबला असेल, तर औषधाऐवजी कोचिंग हा पर्यायच नाही. तिथे कोचिंग औषधाच्या जोडीला. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तरी औषधाचं बोलणं डॉक्टरांशी पूर्ण व्हायलाच हवं. उणे १ ते उणे २.५ या मधल्या पट्ट्यात, म्हणजे ऑस्टिओपेनियात, आणि आधी काही मोडलेलं नसेल, तेव्हा व्यायामाला खरा वाव आहे. या पट्ट्यातल्या बाईने ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धत वापरून पाहावी. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाने २००८ मध्ये ती मांडली, ती फुकट आहे आणि तिच्यात भारतासाठी वेगळी आकडेमोड आहे. वय, वजन, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड घेतलं का, असं सगळं भरलं की पुढच्या दहा वर्षांतल्या फ्रॅक्चरची शक्यता टक्क्यांत मिळते. डेक्सा हाडाची सपाट सावली मोजतं, त्यामुळे आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांचे आकडे थोडे अधिकच वाईट दिसतात. एकट्या टी-स्कोअरवर घाबरून पैसे भरू नयेत, याचं हेही एक कारण.

कुणालाही पैसे देण्याआधी घरातल्या भिंतीला पाठ लावून उभं राहावं. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून डोक्याची मागची बाजू सहज टेकत नसेल, किंवा तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरत असतील, तर मणक्यांचा एक्स-रे काढायला हवा. मणका दबतो तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही. उंची कमी झाली म्हणजे ‘वय झालं’ एवढंच घरात म्हटलं जातं. त्याच वेळी थायरॉइड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या रक्ततपासण्या कराव्यात. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त मात्रेत चालली असेल किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड पोटात गेलं असेल, तर झिजेचं मूळ तिथे आहे. कोणताही कोच ते व्यायामाने काढू शकत नाही. आणि सोसायटीतल्या मोफत शिबिरात टाच यंत्रात ठेवून जे मोजतात, त्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली उणे २.५ ची रेषा त्या यंत्राच्या आकड्याला लागू पडत नाही.

आता म्हैसूरचा खास प्रश्न: योग. या गावात योगवर्ग शोधावा लागत नाही. १९३३ मध्ये महाराज कृष्णराज वडियारांच्या आश्रयाने टी. कृष्णमाचार्यांनी जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू केली. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांची अष्टांग परंपरा पुढे म्हैसूरच्याच गोकुलम भागातून जगभर गेली. पण त्या राजवाड्यातल्या योगशाळेत शिकायला येत होती ती मुख्यतः मुलं, वाढत्या वयाची, लवचिक, उड्या मारणारी. अष्टांगाची पहिली मालिका बहुतांशी पुढे वाकण्याची आहे, आणि साठीतल्या विरळ झालेल्या मणक्याला नको असतं ते नेमकं हेच. पाठीची कमान करून पुढे झुकलं की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती कड चेपते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मेहर्शीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के बायकांचे मणके नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के. वाकणाऱ्या गटात बायका फक्त नऊ होत्या, त्यामुळे टक्केवारीवर फार भार टाकू नये. तरी फरकाची दिशा मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. याच सिनाकींनी २०१३ मध्ये योगासनांत पुढे वाकल्यावर मणका मोडलेल्या रुग्णांची नोंदही प्रसिद्ध केली. पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन, पाठ गोल करून केलेला सूर्यनमस्कार, हे सगळं अशा बाईने सोडावं. वीरभद्रासन, वृक्षासन, भिंतीच्या आधाराने त्रिकोणासन, बेताचं भुजंगासन हे ठेवावं. योगाने घनता वाढते असं सांगताना न्यूयॉर्कच्या लॉरेन फिशमन यांच्या २०१६ च्या बारा आसनांच्या अभ्यासाचा हवाला दिला जातो. त्यात ७४१ जणांनी नाव नोंदवलं होतं, हिशेबात धरले गेले नियमित करणारे २२७, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. तोल आणि पाठीची ताकद यांसाठी योगाला पैसे द्यावेत, घनतेच्या आश्वासनासाठी देऊ नयेत.

पुणेकर वाचकांना यातला पुढचा दुवा ठाऊक असेल. कृष्णमाचार्यांचे मेहुणे आणि शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये म्हैसूरहून पुण्याला आले. खुर्ची, दोर, ठोकळे, भिंत यांच्या आधाराने आजारी आणि वयस्क माणसांना आसन कसं देता येईल यावर त्यांनी आयुष्य घातलं. वर्ग निवडताना मी हेच पाहीन: समोरच्या शरीराप्रमाणे आसन बदलतं, की आसनाप्रमाणे शरीर ओढलं जातं?

हाड वाढतं कशाने? हाडाच्या आतल्या पेशींना ताण कळतो. सवयीपेक्षा जास्त भार आला की त्या बांधकामाचा हुकूम सोडतात, भार नाहीसा झाला की हाड मोडीत काढतात. अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते ती यामुळेच. म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तलावाभोवतीची रोजची फेरी हृदयाला, साखरेला, मनाला चांगली आहे, पण हाडाला ती रोजचीच आहे. तेवढ्याने मणक्यात फारसा फरक पडत नाही.

भार वाढवत नेण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचं. तिथली ‘लिफ्टमोर’ ही चाचणी २०१८ मध्ये छापून आली. हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली आणि उंचावरून लटकून पायांवर उतरण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली होती. दुखापत म्हणाल तर एकीच्या कमरेत थोडी चमक भरली, एवढंच. पण हे वाचून कुणी घरी एकटीने वजनं उचलायला लागू नये. त्या बायकांनी पहिला महिना हलक्या वजनांवर नुसतं तंत्र शिकण्यात घालवला होता आणि देखरेख प्रत्येक वेळी होती. या संशोधनातल्या प्रमुख बेलिंडा बेक यांचं ब्रिस्बेनमध्ये स्वतःचं क्लिनिक आहे, हेही लक्षात ठेवावं. शिवाय तिथे मोजली गेली ती घनता. फ्रॅक्चर किती टळली हे दाखवायला शंभर बायका पुरत नाहीत.

पैसे नेमके कशाचे, हे एका हालचालीत दिसतं. फिजिओथेरपिस्ट पाठीवर उभी काठी धरायला लावते: एक टोक डोक्याच्या मागे, मध्ये पाठ, दुसरं टोक माकडहाडाला टेकलेलं. मग सांगते, खुब्यातून वाका, ढुंगण मागे जाऊ द्या, काठी कुठेही सुटता कामा नये. बहुतेकींची काठी पहिल्याच झुकण्याला माकडहाडापासून सुटते, कारण आयुष्यभर आपण कमरेतून पाठ गोल करून बादली उचललेली असते. आपली आपल्याला ती चूक दिसत नाही. समोरच्याला दिसते, तो थांबवतो, पुन्हा करायला लावतो आणि काठी सुटेनाशी झाल्यावरच हातात दोन किलो देतो. त्या नजरेचे पैसे द्यावेत. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओंचा संच म्हणजे ती नजर नव्हे. कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष वेळी चूक सुधारणारा ऑनलाइन वर्ग चालेल, पण पहिले काही वर्ग समोरासमोर झालेले बरे.

यंत्रांवर मी सध्या पैसे घालणार नाही. थरथरणाऱ्या पाटावर रोज उभं राहण्याची टोरांटोतली वर्षभराची चाचणी २०२ बायकांवर झाली आणि २०११ मध्ये छापलेल्या निकालात घनतेत फरक पडलेला नव्हता. बोस्टनजवळ सरासरी ८२ वर्षांच्या १७४ वृद्धांवर झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीचं २०१५ मध्ये तेच निघालं. अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये कमरेला बांधायच्या कंपनपट्ट्याला परवानगी दिली, ती ऑस्टिओपेनियासाठी, ऑस्टिओपोरोसिससाठी नाही.

“सहा महिन्यांत टी-स्कोअर सुधारून दाखवू” असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. त्याच बाईचं त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा केलं तरी दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजण्यातच येऊ शकतो. यंत्र बदललं तर तुलनाच होत नाही. म्हणून डेक्सा साधारण दीड-दोन वर्षांनी, त्याच केंद्रात करावं. सहा महिन्यांत मोजण्यासारखं वेगळं असतं: हात न टेकता तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, उचललेलं वजन किती किलोपर्यंत गेलं. खुब्याची नव्वद टक्क्यांहून जास्त फ्रॅक्चर पडल्यामुळेच होतात, आणि व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं, असं १०८ चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने दाखवलं. माझ्या मते कोचिंगचा सर्वांत खात्रीचा परतावा हाच आहे आणि जाहिरातीत तोच सर्वांत कमी दिसतो.

पूरक गोळ्यांच्या संचाची गरज म्हैसूरच्या स्वयंपाकघरात फारशी पडू नये. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यातलं सगळंच शरीराला मिळत नाही, तरी एक मोठा रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, किंवा दोन भाकऱ्या, दोन वाट्या दही, तीळ आणि पालेभाजी यांनी साठीनंतरच्या १२०० मिलिग्रॅमचा मोठा वाटा भरतो. ड जीवनसत्त्वाचं मात्र ऊन असूनही वाईट आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात तपासलेल्या गरोदर बायकांपैकी ६६ टक्के बायकांत ते कमी निघालं होतं. कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडेच ६०,००० युनिटची पुडी घ्यावी. वर्षाचा पाच लाख युनिटचा डोस एकदम दिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली, हे २०१० मध्येच समोर आलं आहे.

आतेबहिणीला मी कळवलं ते असं. आधी एक्स-रे, रक्ततपासणी आणि गोळीबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलणं. मग जवळचा फिजिओथेरपिस्ट, जो पहिल्या भेटीत तुझा डेक्सा अहवाल मागेल आणि पूर्वी काय काय मोडलं ते विचारेल. औषध बंद करायला सांगणारा किंवा स्वतःच्याच गोळ्या विकणारा नको. वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस, तीन महिन्यांचे भर, आठवड्याला दोन वर्ग. तीन महिन्यांनी उचलायचं वजन वाढलेलं नसेल तर माणूस बदल. वाढलं असेल आणि काठी सुटत नसेल तर घरी कर, महिन्यातून एकदा दाखवून ये, आणि उरलेल्या पैशांत न्हाणीघरात पकडायला दांडा आणि जिन्यावर दिवा बसवून घे.