भूक पोटातली नव्हे, मेंदूतली

स्वयंपाकघराला कुलूप लावणारे आई-वडील पाहिले की शेजारीपाजारी नाके मुरडतात. परंतु प्रॅडर-विली सिंड्रोम असलेल्या मुलाच्या घरी हे कुलूप उपचारांचाच भाग असते. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील प्रॅडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी वर्णिलेला हा विकार पंधराव्या गुणसूत्राशी निगडित आहे. वडिलांकडून आलेल्या गुणसूत्राचा विशिष्ट भाग बहुतेकांत गळालेला असतो. काहींत दोन्ही गुणसूत्रे आईकडूनच आलेली असतात. तान्हेपणी हे मूल इतके मलूल असते की त्याला दूधही नीट ओढता येत नाही. पुढे काही वर्षांनी मात्र त्याची भूक शमतच नाही. खाणे झाले तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून तृप्तीचा संदेश उमटत नाही.

बुद्धी कमी म्हणून वर्तन बिघडलेले, असा समज सर्वत्र आढळतो; शाळांमध्येही. तो येथे टिकत नाही. या मुलांपैकी अनेकांचा बुद्ध्यांक ६० ते ७०च्या आसपास असतो, काहींचा त्याहून बराच अधिक. पण बुद्ध्यांक चांगला म्हणून संताप कमी, असे होत नाही. चित्रांचे तुकडे जुळवण्यात इतरांना मागे टाकणारा मुलगा ठरलेला तास अचानक बदलला की जमिनीवर लोळण घेतो. एका कामावरून दुसऱ्याकडे मन वळवण्याची क्षमता दुबळी असणे, हे त्यामागचे एक कारण संशोधकांना आढळले आहे. येथे छडी निरुपयोगी. बदलाची आगाऊ कल्पना देणे अधिक परिणामकारक ठरते.

विल्यम्स सिंड्रोममध्ये फसगत उलट दिशेने होते. सातव्या गुणसूत्रावरील सुमारे २६ जनुके नसलेली ही मुले गोड बोलतात, अनोळखी माणसाशीही चटकन गट्टी करतात. बोलण्यावरून त्यांच्या बुद्धीचा अंदाज बांधला जातो आणि नमुना पाहून चार ठोकळे रचता आले नाहीत, की आळशीपणाचा शिक्का बसतो. मनात घर करून असलेली चिंता कोणाच्या लक्षात येत नाही. तारुण्यात हाच मनमोकळेपणा त्यांना, विशेषतः मुलींना, धोक्यात लोटू शकतो.

अशा वर्तनाकडे जनुकीय लक्षण म्हणून पाहण्याची दृष्टी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विल्यम नायहान यांनी १९७२ मध्ये मांडली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेश-नायहान विकारात मुले स्वतःचे ओठ आणि बोटे चावतात. त्यांना वेदना होतात. कित्येक जण स्वतःच हात बांधून ठेवण्याची विनवणी करतात. याला हट्ट कसे म्हणावे?

म्हणूनच जनुकीय निदान झाल्यावरही बुद्धी आणि वर्तन यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते. प्रॅडर-विलीतील अनिवार भुकेवर डायझॉक्साइड कोलीन या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली, तीही चार वर्षे व त्यापुढील वयासाठी. रक्तातील साखर वाढणे आणि अंगात पाणी साठणे या त्याच्या दुष्परिणामांवर मात्र सतत नजर ठेवावी लागते.