टाळ्या आणि ताळेबंद

ऐतिहासिक चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक इतिहासाविषयी जेवढे बोलतो, त्याहून अधिक स्वतःच्या काळाविषयी बोलत असतो. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘द पोस्ट’ हा चित्रपट डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्याच महिन्यात भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा याचा चांगलाच प्रत्यय आला. कथानक १९७१ च्या जून महिन्यातले, वाद मात्र सारा २०१७ चा. या वादात ज्याने त्याने आपापल्या मनातला चित्रपट पाहिला. त्या कथेच्या गाभ्याशी असलेला एक प्रश्न मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटला. तो प्रश्न शौर्याचा नाही, भागभांडवलाचा आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६७ मध्ये व्हिएतनाम प्रकरणाचा एक गुप्त इतिहास लिहवून घेण्यास प्रारंभ केला. ४७ खंड आणि सुमारे ७००० पृष्ठे एवढा त्याचा विस्तार झाला. ट्रूमन ते जॉन्सन या चार अध्यक्षांच्या राजवटींनी जनतेला सांगितले एक आणि केले दुसरेच, हे त्यातील कागदपत्रांवरून दिसत होते. या कामात सहभागी असलेले डॅनिएल एल्सबर्ग यांनी १९६९ मध्ये त्याच्या प्रती काढल्या. त्या नील शीहान या बातमीदाराच्या हाती लागल्या आणि १३ जून १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांचे प्रकाशन सुरू केले. दोनच दिवसांत न्यायालयाने सरकारच्या मागणीवरून मनाई हुकूम दिला. ‘टाइम्स’ थांबताच १८ जूनला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पुढे सरसावला. ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दोन्ही वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

अमेरिकी प्रेक्षकांपैकी बहुतेकांना या चित्रपटात दिसले ते डोनाल्ड ट्रम्प. ते नैसर्गिकच होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी वृत्तसंस्थांना जनतेचे शत्रू म्हटले होते, आणि स्पिलबर्ग यांनीही हाती असलेले दुसरे काम बाजूला ठेवून वर्षाच्या आत हा चित्रपट पुरा केला होता. व्हाइट हाऊसच्या खिडकीतून पाठमोरे दिसणारे निक्सन आणि त्यांच्या खऱ्या ध्वनिफितींतून ऐकू येणारा त्यांचा आवाज, यांवरून प्रेक्षकाने वर्तमानाकडे उडी घ्यावी अशीच योजना होती. परंतु या तुलनेत एक गोष्ट झाकली जाते. त्या ७००० पृष्ठांत निक्सन यांच्या कारकीर्दीविषयी एक अक्षरही नव्हते, कारण तो वृत्तांत १९६७ पर्यंतचाच होता. उघडे पडणार होते ते मुख्यतः विरोधी पक्षाचे माजी अध्यक्ष. तरीही निक्सन न्यायालयात धावले. सत्ता स्वतःच्याच चुका झाकते असे नाही. पूर्वसूरींची गुपिते सांभाळणे हाही तिला आपला हक्क वाटतो. खलपुरुष शोधण्यात रमलेल्या प्रेक्षकाला हे कळणे कठीण होते.

दुसरी प्रतिक्रिया आली ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुन्या मंडळींकडून. त्या पत्राचे तेव्हाचे विधी सल्लागार जेम्स गुडेल यांनी हा चित्रपट चुकीच्या वृत्तपत्राला नायक करतो अशी तक्रार केली. ऐतिहासिक न्यायाच्या दृष्टीने तक्रार रास्त आहे. कागद प्रथम मिळविले ‘टाइम्स’ने, तीन महिने गुप्तपणे त्यांचा अभ्यास केला ‘टाइम्स’ने, प्रथम खटल्याला तोंड दिले तेही ‘टाइम्स’ने. १९७२ चे पुलित्झर पारितोषिकही योग्यपणे त्यालाच मिळाले. पण नाटककार पहिला कोण हे पाहत नाही. कोणाचे काय पणाला लागले होते हे पाहतो. त्या आठवड्यात सर्वांत अवघड जागी सापडले होते ते ‘पोस्ट’.

तिसरा वर्ग स्त्री प्रेक्षकांचा. मेरिल स्ट्रीप यांनी साकारलेल्या कॅथरिन ग्रॅहॅम पुरुषांनी भरलेल्या बैठकीत अडखळतात, टिपणे हातात असूनही बोलू शकत नाहीत, आणि अखेर न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना तरुण मुलींच्या घोळक्यातून वाट काढतात. हे शेवटचे दृश्य काहींना हृद्य वाटले, काहींना बेतलेले. ते बेतलेलेच आहे, हे मान्य करावे लागेल. बैठकीचे दृश्य मात्र अस्सल आहे, आणि त्यामागे आकडे आहेत. ग्रॅहॅम यांचे वडील यूजीन मायर यांनी १९३३ मध्ये दिवाळखोरीत निघालेले हे पत्र लिलावात ८ लाख २५ हजार डॉलरना घेतले. १९४८ मध्ये त्यांनी मताधिकाराचे भाग पुढच्या पिढीला दिले, तेव्हा ३५०० जावयाला आणि १५०० मुलीला दिले. पुरुषाला बायकोच्या हाताखाली काम करावे लागू नये, हा त्यामागचा विचार. १९६३ मध्ये फिलिप ग्रॅहॅम यांनी आत्महत्या केली नसती, तर १९७१ साली त्या खुर्चीत कॅथरिनबाई नसत्या. स्त्रीच्या आत्मविश्वासाचा हा प्रश्न कौटुंबिक संपत्तीच्या वाटपातून निर्माण झालेला होता.

आता मूळ मुद्दा. वॉशिंग्टन पोस्ट कंपनीचे भाग जनतेला प्रथमच विक्रीस काढले गेले ते १५ जून १९७१ रोजी, म्हणजे ज्या दिवशी ‘टाइम्स’वर मनाई हुकूम बजावला गेला त्याच दिवशी. एका भागाची किंमत २६ डॉलर ठरली होती. अशा विक्रीची हमी घेणाऱ्या पेढ्या करारात एक अट घालून ठेवतात: मधल्या काळात कंपनीवर काही गंभीर आपत्ती कोसळली तर त्या हमीतून अंग काढून घेऊ शकतात. फौजदारी खटला ही तशी आपत्ती ठरली असती. याहून मोठे संकट दूरचित्रवाणीचे. ‘पोस्ट’ कंपनीच्या मालकीची दूरचित्रवाणी केंद्रे होती आणि ती सरकारी परवान्यांवर चालत. गुन्हा शाबीत झालेल्या कंपनीचे परवाने धोक्यात येत. म्हणजे एका बाजूला हातात आलेली बातमी, आणि दुसऱ्या बाजूला भागविक्री, परवाने, शेकडो नोकऱ्या.

१७ जूनच्या रात्री ग्रॅहॅम यांच्या घरी पत्राच्या एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याचा निरोपसमारंभ चालू होता. संपादक बेन ब्रॅडली यांच्या घरी बातमीदार कागदांच्या ढिगात बसले होते आणि वकील छापू नका म्हणून सांगत होते. दूरध्वनी झाला. कंपनीचे अध्यक्ष फ्रिट्झ बीबी यांना बाईंनी त्यांचे मत विचारले. आपण छापणार नाही, असे ते म्हणाले. परंतु त्यांच्या सांगण्याचा सूर असा सौम्य होता की, वेगळा निर्णय घेण्यास आपल्याला वाव उरला, असे ग्रॅहॅम यांनी १९९७ च्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांनी छापण्यास संमती दिली.

हे दृश्य चित्रपटात आहे. त्याआधी भागाच्या किमतीतील दोन-तीन डॉलरच्या फरकातून किती बातमीदारांचे पगार भागतील, हा हिशेबही पात्रांच्या तोंडी आहे. स्पिलबर्ग यांनी अर्थकारण लपविलेले नाही. तरी चर्चा झाली ती छपाईयंत्रे सुरू होताच हादरणाऱ्या टेबलाची आणि दूरध्वनीवर निकालपत्र ऐकून बातमीदारांच्या दालनात उसळलेल्या आनंदाची. भागविक्रीची दृश्ये पुष्कळांना कंटाळवाणी वाटली. वस्तुतः ती दृश्ये काढून टाकली, तर ग्रॅहॅमबाईंचा निर्णय हा केवळ एक उदात्त उद्गार उरतो. काय गमवावे लागेल हे माहीत असल्याशिवाय धैर्याचे माप कसे घ्यायचे?

या हिशेबाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती चित्रपटाच्या भक्तांना रुचणार नाही. विक्रीस काढलेले भाग ‘ब’ वर्गाचे होते. नियंत्रणाचा अधिकार देणारे ‘अ’ वर्गाचे भाग ग्रॅहॅम कुटुंबाकडेच राहिले. बाजार रागावला तर भागाची किंमत पडली असती, पण बाईंना खुर्चीवरून कोणी उठवू शकले नसते. म्हणजे त्या रात्रीचे धैर्य निराधार नव्हते. भांडवलाच्या रचनेने त्याला टेकू दिलेला होता. यामुळे ते लहान ठरत नाही. मात्र ज्या पत्राला असा टेकू नाही, त्याच्या संपादकाकडून तेच धैर्य अपेक्षिताना थोडा विचार करावा लागतो.

चित्रपट वॉटरगेटच्या दारात येऊन थांबतो आणि प्रेक्षक हुरूप घेऊन घरी जातो. खरे बिल त्यानंतर आले. ‘पोस्ट’ला परवान्यांच्या नूतनीकरणात त्रास होईल, असे निक्सन यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये आपल्या सहकाऱ्यांजवळ बोलून दाखविले होते, हे पुढे ध्वनिफितींतून उघड झाले. लवकरच फ्लोरिडातील दोन केंद्रांच्या परवान्यांना आव्हान देण्यात आले. भागाची किंमत ३८ डॉलरच्या आसपास होती, ती १६-१७ डॉलरपर्यंत घसरली. या घसरलेल्या भावात वॉरन बफे यांनी १९७३ मध्ये सुमारे १ कोटी ६ लाख डॉलरचे भाग खरेदी केले आणि त्यांना त्याचा पश्चात्ताप करावा लागला नाही. शेअर बाजाराला भीती दिसली, बफे यांना स्वस्ताई दिसली. पत्रकारितेवरील चित्रपटांत हा प्रसंग सहसा सापडत नाही.

भारतीय प्रेक्षकाला हा चित्रपट पाहून आणीबाणी आठवली तर नवल नाही. परंतु ती आठवणही बहुधा कोऱ्या अग्रलेखांची आणि तुरुंगात गेलेल्या संपादकांची असते. प्रत्यक्षात सत्तेची हत्यारे आपल्याकडेही पुष्कळदा हिशेबाच्या वहीतलीच होती. वृत्तपत्री कागदाच्या वाटपाबरोबर दहा पानांची मर्यादा घालणारे सरकारी धोरण ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील छापखान्यांची वीज तोडली गेली. ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या सरकारी जाहिराती बंद झाल्या आणि त्याच्या संचालक मंडळावर सरकारच्या पसंतीची माणसे आली. याच काळात मुंबईतील ‘फ्रीडम फर्स्ट’ या छोट्या मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी प्रसिद्धीपूर्व नियंत्रणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि १९७६ मध्ये ते जिंकले. त्या मासिकाकडे गमावण्यासारखा जाहिरातींचा मोठा पसारा नव्हता, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे. कागद, वीज, जाहिरात आणि संचालक मंडळ या चार वाटा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तरी ‘द पोस्ट’मधील भागविक्रीची दृश्ये कंटाळवाणी वाटायला नको होती.

चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ते वृत्तपत्र ग्रॅहॅम कुटुंबाचे राहिलेले नव्हते. २०१३ मध्येच ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी ते २५ कोटी डॉलरना विकत घेतले होते. एवढ्या गडगंज मालकाला कोणाची भीती असणार, असे तेव्हा अनेकांना वाटले. परंतु संपत्ती जितक्या दिशांनी पसरते तितक्या दिशांनी ती सरकारच्या आवाक्यातही येते. १९७१ मध्ये दूरचित्रवाणीचे परवाने होते. बेझोस यांच्या ॲमेझॉनपासून अंतराळ कंपनीपर्यंतच्या व्यवसायांना सरकारी कंत्राटे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अध्यक्षीय निवडणूक दोन आठवड्यांच्या आत असताना, ‘पोस्ट’ने कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा न देण्याचे जाहीर केले. या निर्णयामागे कोणतीही देवघेव नाही, असा खुलासा बेझोस यांनी केला. काही दिवसांत अडीच लाखांवर वर्गणीदारांनी वर्गणी बंद केल्याचे वृत्त आले. ही प्रतिक्रिया चित्रपटगृहातल्या टाळ्यांपेक्षा निश्चितच महागडी होती, पण तिचा भार मालकापेक्षा बातमीदारांच्या दालनावर अधिक पडणार होता. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणाऱ्या अग्रलेखाचा मसुदा तोवर तयार झालेला होता; तो छापला गेला नाही.