रेनडिअरच्या डोक्यातला किडा

‘तुझ्या डोक्यात आता कुठला किडा वळवळतोय?’ हे वाक्य घरी ऐकलं नाही असा कॉलेजकुमार शोधून सापडणार नाही. सेकंड इयरला स्ट्रीम बदलायचीय म्हणा, नाहीतर एकट्याने लडाखला जायचंय म्हणा, आईकडून हा डायलॉग ठरलेला. पण उत्तर नॉर्वेतला एखादा रेनडिअरपालक जेव्हा आपल्या जनावराबद्दल हेच म्हणतो, तेव्हा तो वाक्प्रचार नसतो. तिथे खरोखरच किडा असतो.

रेनडिअर म्हणजे सांताक्लॉजची गाडी ओढणारं हरीण, एवढं आपल्याला माहीत असतं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला राहणाऱ्या सामी लोकांसाठी मात्र ते रोजीरोटी आहे. ही हरणं धड पाळीव नाहीत आणि धड रानटीही नाहीत. वर्षातला बराच काळ ती डोंगरावर मोकळी चरतात, पण प्रत्येकाचा मालक ठरलेला असतो आणि पिल्लाच्या कानावर त्याची खूण कापलेली असते. मोसम बदलला की कळप कुरणं बदलतो आणि माणसं त्याच्यामागे जातात. आपल्याकडचे धनगर आठवा, साधारण तसंच.

आता समजा, थंडी सुरू झालीय आणि कळपातलं एखादं पिल्लू मागे पडायला लागलंय. चालताना त्याचे मागचे पाय लटपटतात, मान वाकडी होते, उठायला गेलं की तोल जातो. बर्फात मागे पडलेलं जनावर फार दिवस टिकत नाही. या आजारामागे असतो एक केसासारखा बारीक, काही सेंटीमीटर लांबीचा जंत. नाव भलतंच अवघड आहे: ‘एलाफोस्ट्राँगायलस रेंजिफेराय’. आपण त्याला सरळ ‘मेंदूतला जंत’ म्हणू.

गोगलगाईची लिफ्ट

याचा प्रवास एखाद्या वेब सीरिजसारखा आहे. मोठे जंत हरणाच्या मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणात आणि स्नायूंमध्ये राहतात. त्यांची अंडी रक्तातून फुप्फुसात पोहोचतात आणि तिथे फुटून अळ्या बाहेर येतात. हरीण खोकलं की अळ्या घशात येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांवाटे बाहेर पडतात. पण या अळ्या थेट दुसऱ्या हरणात जाऊ शकत नाहीत. त्यांना मध्ये एक लिफ्ट लागते, ती म्हणजे गोगलगाय. गोगलगाय लेंड्यांवरून सरपटली की अळी तिच्या पायात शिरते आणि आत वाढते. पुढे हरणाने चरताना पाल्याबरोबर ती बारीकशी गोगलगाय गिळली की अळी पोटाची भिंत भेदून पुन्हा मज्जासंस्थेकडे निघते.

अळ्या थोड्याच असतील तर हरणाला फारसा त्रास होत नाही. एकदम खूप अळ्या पोटात गेल्या तर मात्र ते लटपटणं सुरू होतं.

खरी मेख पुढे आहे. गोगलगाय थंड रक्ताची. बाहेर जेवढं तापमान तेवढंच तिच्या अंगात. पारा साधारण ८ ते १० अंशांच्या खाली असेल तर तिच्या आतली अळी जवळपास वाढतच नाही. थंड उन्हाळ्यात तिची वाढ रखडते, कधी दुसऱ्या वर्षीवर जाते. उन्हाळा उबदार असेल तर त्याच मोसमात अळ्या तयार होतात, तेही मोठ्या संख्येने. उत्तर नॉर्वेत १९६० ते १९८९ या काळातल्या साथी तपासल्यावर हेच दिसलं: उबदार उन्हाळा गेला की पुढच्या थंडीत लटपटणारी हरणं वाढायची. तापमान एखाद-दोन अंशांनी वाढल्याने काय मोठा फरक पडतो, असं कोणी विचारलं तर त्याला या गोगलगाईची गोष्ट सांगा.

३०० पाहुणे आणि एक फुकट प्रवासी

या जंताने एकदा समुद्रही ओलांडलाय. १९०८ मध्ये डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांनी नॉर्वेहून सुमारे ३०० रेनडिअर बोटीने न्यूफाउंडलंड बेटावर नेले. हे बेट आज कॅनडात आहे. हेतू चांगला होता: तिथल्या गरीब मच्छीमारांना दूध, मांस आणि ओढकामाला जनावर मिळावं. प्रयोग काही वर्षांतच गुंडाळला गेला, पण हरणांच्या पोटातून आलेला पाहुणा तिथेच राहिला. बेटावरच्या रानटी कॅरिबूंमध्ये तो पसरला (कॅरिबू आणि रेनडिअर एकाच जातीचे). १९८०च्या दशकात तिथल्या कॅरिबूंमध्ये या आजाराची साथ आली. ज्यांनी हरणं आणली, त्यांना तेव्हा याची कल्पनाही नव्हती. जनावर हलवताना आपण फक्त जनावर हलवत नसतो, हे लक्षात यायला अशी किंमत मोजावी लागली.

न मारता मारणारे

सगळे जंत असे नाट्यमय नसतात. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर लांडगे नाहीत. मग तिथल्या रानटी रेनडिअरची संख्या खाली-वर का होते? संशोधकांनी काही माद्यांना जंताचं औषध दिलं, काहींना दिलं नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणाबरोबर पिल्लू आहे ते मोजलं. औषध दिलेल्या माद्यांना पिल्लं होण्याचं प्रमाण जास्त निघालं. २००२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. पोटातला ‘ऑस्टरटॅजिया’ हा जंत मादीला मारत नव्हता, पण तिचं पिल्लू जन्माला येऊ देत नव्हता. मेलेलं जनावर दिसतं, न जन्मलेलं कोणाला दिसणार?

मग सरसकट औषध देऊन टाकायचं का? तुम्हालाही शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी मिळाली असेलच, वर्गात बाईंसमोर चघळून खायची ती. वर्गातली मुलं एका ठिकाणी सापडतात, डोंगरावरची हरणं सापडत नाहीत. कोविडमुळे घराघरात पोहोचलेलं आयव्हरमेक्टिन हे मुळात परजीवींवरचं औषध, त्याच्या शोधाला २०१५ मध्ये नोबेल मिळालं. रेनडिअरनाही ते देतात, पण ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही. हरीण लटपटायला लागल्यावर फार उशीर झालेला असतो. शिवाय ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं, म्हणजे कुरण साफ ठेवणारी फौजच कमी होते.

म्हणून आधी कळायला हवं की कुठल्या कळपात काय आहे, आणि त्याची सुरुवात लेंड्यांपासून होते. बेर्मन पद्धत ऐकली असेल तर मस्तच, नसेल तर ऐका. लेंड्या गाळणीच्या कापडात बांधून पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात रात्रभर लटकवायच्या. जिवंत अळ्या पाण्यात उतरतात आणि तळाशी जमतात. सकाळी थेंबभर पाणी काचेवर घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. हरणाला हातही न लावता त्याच्या आत काय चाललंय ते कळतं.

झूलॉजीवाल्यांनो, व्हेटरनरीवाल्यांनो, यासाठी नॉर्वे गाठायची गरज नाही. आपल्या जंगलांच्या कडेला चितळं आणि गावची गुरं एकाच गवतावर चरतात, आणि गवताबरोबर जंतांचीही देवाणघेवाण होऊ शकते. परजीवीशास्त्र हा विषय तुमच्याच कॉलेजात शिकवतात. प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नसेल, तर सरांना विचारून बघा. ‘लेंड्या?’ म्हणून मित्र हसतील, त्यांना हसू द्या. घरी मात्र विषय जपून सांगा. डोक्यात कुठला किडा वळवळतोय, हा प्रश्न येणारच आहे.